लिंक्डइनवर ओळख काढायची कशी

पदवीचा निकाल लागला की मराठी घरात फोनाफोनी सुरू होते. पुण्यात कोण आहे आपलं? आत्याच्या जावेचा मुलगा हिंजवडीला आहे, त्याला विचारू. शेजारच्या काकांचा भाचा चाकणला एचआरमध्ये आहे म्हणे, त्यालाही टाकून ठेवू. बायोडाटा व्हॉट्सॲपवर रवाना होतो, पलीकडून 'बघतो' असं उत्तर येतं आणि दोन-तीन महिने काहीच घडत नाही. त्या मुलाने टाळलं असा अर्थ लगेच काढू नये. त्याला ज्या जागा ठाऊक असतात त्यातल्या बऱ्याच तुमच्याही कानावर आलेल्या असतात, कारण तो तुमच्याच गोतावळ्यातला असतो. तीच लग्नं, तेच ग्रुप, त्याच बातम्या.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला होता. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या माणसांना तो भेटला आणि ही जागा तुम्हाला कुणाकडून कळली, त्या माणसाची-तुमची भेट किती वेळा व्हायची, असं विचारत गेला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी, बातमी देणारा माणूस नेहमीच्या भेटीतला होता असे जेमतेम १६.७ टक्के निघाले. ५५.६ टक्क्यांची त्या माणसाशी अधूनमधून भेट व्हायची आणि २७.८ टक्क्यांची तर वर्षाकाठी एखादी किंवा तेवढीही नाही. मित्राकडून कळलं का, असं विचारलं की लोक त्याला दुरुस्त करायचे: मित्र नव्हे, नुसती ओळख. १९७३ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं की जवळची माणसं तुमच्यासाठी जिवाचं रान करतील, पण त्यांच्याकडे नवी बातमी नसते. नवी बातमी असते ती तोंडओळखीच्या माणसाकडे, कारण त्याची ऊठबस वेगळ्या लोकांत असते.

तेव्हा अडचण एवढीच होती की अशा तोंडओळखी हाताशी राहत नाहीत. शाळेतल्या वर्गमित्राचा भाऊ, इंटर्नशिपला भेटलेले सुपरवायझर, दोन वर्षं पुढे असलेली सीनियर ताई, एका सेमिनारला शेजारी बसलेला माणूस. ही मंडळी हरवतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या लिंक्डइन या नोकरी-धंद्याच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळाचा खरा उपयोग इथे आहे. हरवणारी माणसं तिथे एका यादीत राहतात, कुठे काम करतात ते दिसतं, आणि त्यांच्या पलीकडे कोण आहे तेही दिसतं. बाकी तिथला गोंगाट, रोज पहाटे चारला उठणाऱ्या सीईओंच्या शिकवण्या आणि 'अत्यंत नम्रतेने कळवतो की' छापाच्या घोषणा, हे सगळं सोडून दिलं तरी चालतं.

ग्रॅनोव्हेटरच्या म्हणण्याची मोठी परीक्षा लिंक्डइनवरच झाली. 'यांना तुम्ही ओळखत असाल' म्हणून जी नावं सुचवली जातात, ती सुचवण्याची पद्धत कंपनीने २०१५ ते २०१९ या काळात वेगवेगळ्या लोकांसाठी थोडी वेगवेगळी ठेवली. काहींना जवळच्या वर्तुळातली नावं जास्त, काहींना लांबची. जगभरातले सुमारे २ कोटी वापरकर्ते यात नकळत सामील झाले आणि निष्कर्ष २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आले. लोकांना न सांगता असा प्रयोग करावा का, यावर तेव्हा टीकाही झाली, आणि ती वावगी नव्हती. पण हाती आलेलं उत्तर उपयोगाचं आहे. नोकरी बदलायला सैल ओळखी खरोखरच जास्त कामी आल्या. मात्र अगदीच अनोळखी नव्हेत. मधे काही सामायिक माणसं आहेत, पण वर्तुळ वेगळं आहे, अशा मध्यम सैल ओळखी सगळ्यात कामाच्या. शिवाय हे मुख्यतः डिजिटल वळणाच्या उद्योगांत दिसलं. जिथे काम कमी डिजिटल आहे तिथे उलट घट्ट ओळखीच जास्त चालल्या. म्हणजे टूलरूममधल्या फिटरला किंवा साखर कारखान्यातल्या पॅनमनला आजही मामाच्या ओळखीचा फोरमन जास्त उपयोगी पडेल, आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगवाल्याला कॉलेजातली कुणी विसरलेली सीनियर. आपलं क्षेत्र यातलं कुठलं, हे आधी ओळखावं. सगळ्यांनी लिंक्डइनवर असलंच पाहिजे असं मुळीच नाही. बेकरी चालवणारीचं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर आहे, डिझायनरचं काम बिहान्सवर बघितलं जातं, प्रोग्रामरचं गिटहबवर.

गोतावळ्याबद्दल आणखी एक गोष्ट बोलली जात नाही, ती बोलायला हवी. आत्याच्या जावेचा मुलगा हिंजवडीला असणं ही सगळ्यांच्या नशिबातली गोष्ट नाही. घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोचलं असेल, तर फोन लावायला पुण्यात कुणी नसतंच. आपल्याकडच्या ओळखी नात्याच्या, गावाच्या आणि स्पष्टच सांगायचं तर जातीच्या वाटेने धावतात. आडनाव ऐकून पुढचा प्रश्न ठरतो. लिंक्डइनने ही रीत मोडली असं कुणी म्हणत असेल तर तो भाबडेपणा आहे, कारण आडनाव तिथेही फोटोच्या खाली ठळक छापलेलं असतं. पण एक वाट तिथे जास्तीची आहे. कॉलेज. एकाच पॉलिटेक्निकमधून शिकलेल्या माणसाला नात्यागोत्याशिवाय लिहिता येतं, आणि लिहिण्याचं कारणही सांगता येतं. ज्याच्या घरी फोन करायला कुणी नाही, त्याच्यासाठी ही सोय ज्याच्याकडे दहा मामा आहेत त्याच्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

आता प्रत्यक्ष सुरुवात. प्रोफाइल करताना नवखा माणूस आरशात बघून करतो: मी कसा आहे, मला काय व्हायचंय. वाचणारा मात्र शोधाच्या चौकटीतून बघतो. भरती करणाऱ्या एचआरचं काम कसं चालतं ते पाहिलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. त्यांच्याकडे एक जागा आलेली असते, समजा क्वालिटी इंजिनिअर, चाकण, अनुभव शून्य ते तीन वर्षं. ते पदाचं नाव टाकतात, कौशल्यं टाकतात, ठिकाण पुणे ठेवतात आणि यंत्र यादी काढून देतं. या यादीत तुमचं नाव यायचं तर तेच शब्द तुमच्या प्रोफाइलवर असायला हवेत. कुठलाही एचआर 'मेहनती, जिद्दी, शिकण्याची तळमळ' असं शोधत नाही.

म्हणून नावाखालची जी ओळ असते, जिला हेडलाइन म्हणतात, तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा. तिथे २२० अक्षरांची जागा आहे आणि बहुतेक लोक ती 'ॲस्पायरिंग इंजिनिअर, क्विक लर्नर, संधीच्या शोधात' यावर उधळतात. त्याऐवजी 'मेकॅनिकल डिप्लोमा, क्वालिटी इन्स्पेक्शन, सीएमएम, जीडी अँड टी, चाकण-भोसरी' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला एका नजरेत सगळं कळतं. वाणिज्यवाल्या मुलीने 'अकाउंट्स असिस्टंट, टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, टीडीएस, कोल्हापूर' लिहावं. दिसायला रुक्ष आहे. पण शोधात सापडतं, आणि माणूस हाच की नाही ते वाचणाऱ्याला ठरवता येतं. ठिकाणही विचार करून भरा. जळगावला बसून पुण्यातली नोकरी शोधताय आणि पुण्याला जायची खरोखर तयारी आहे, तर ते प्रोफाइलवर दिसू द्या, नाहीतर ठिकाणाची चाळणी लागली की नाव गळतं.

त्याखाली स्वतःबद्दल लिहायचा रकाना असतो. मर्यादा मोठी आहे, २६०० अक्षरं, पण उघडल्यावर सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात. बाकी 'आणखी वाचा'मागे लपतं. त्यामुळे 'लहानपणापासूनच मला यंत्रांची आवड' इथून सुरू करू नये. काय केलं ते आधी. एखादा विद्यार्थी असं लिहू शकेल: 'शेवटच्या वर्षी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सहा महिने इन्स्पेक्शनचं काम केलं. रोजचं रिजेक्शन एक्सेलमध्ये नोंदवायचो. त्यातून एकाच मशीनवर बोअरचं माप वारंवार चुकतंय हे लक्षात आलं.' यात एकही विशेषण नाही, तरी माणूस काम करताना डोळे उघडे ठेवतो हे दिसतं. आपल्याला स्वतःची टिमकी वाजवायचा संकोच असतो आणि तो चांगलाच आहे. काय काम केलं ते सांगण्यात टिमकी वाजत नाही. अनुभव नाही म्हणणाऱ्यांनी कॉलेजचा प्रोजेक्ट, काकांच्या दुकानाचे सांभाळलेले हिशेब, गणेश मंडळाची जमाखर्चाची वही, यातलं जे खरं काम होतं ते लिहावं. गणेश मंडळाचा हिशेब जुळवणं हे सोपं काम नव्हे, हे ज्याने केलंय त्याला माहीत आहे.

फोटो साधा, चेहरा दिसणारा, मागे भिंत असली तरी पुरे. मित्राच्या लग्नातला फेटा कापून काढलेला नको.

भाषेचा प्रश्न नेहमी येतो. लिंक्डइनची बटणं आता मराठीतही करून घेता येतात, पण प्रोफाइल इंग्रजीतच ठेवा, कारण शोधणारा 'गुणवत्ता निरीक्षक' असं टाइप करत नाही. निरोपाचं तसं नाही. समोरचा मराठी आहे हे दिसत असेल, तर त्याला सरळ मराठीत लिहा. मोडक्या इंग्रजीतल्या 'रिस्पेक्टेड सर'पेक्षा चांगलं मराठी नक्की बरं, आणि पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी ऐकलेल्या माणसाला ते वाचून बरंही वाटतं. सध्या एआयकडून निरोप लिहून घेण्याची साथ आली आहे. गुळगुळीत, लांबलचक, 'आपल्या प्रेरणादायी प्रवासाने मी अत्यंत प्रभावित झालो' असले निरोप वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात, कारण त्याला दिवसात तसलेच पाच आलेले असतात.

आता माणसं. कुणाच्याही नावापुढे पहिला, दुसरा, तिसरा असा टप्पा दिसतो. पहिला म्हणजे थेट जोडलेला. दुसरा म्हणजे तुमच्या माणसाचा माणूस. तिसरा त्याच्याही पलीकडचा. वरच्या प्रयोगातल्या त्या मध्यम सैल ओळखी व्यवहारात या दुसऱ्या टप्प्यातूनच जुळतात: मधे काही सामायिक माणसं, पण वर्तुळ निराळं. यादी रिकामी असेल तर दुसरा टप्पा तयारच होत नाही, म्हणून आधी ज्यांना खरोखर ओळखता त्यांना जोडून घ्या. वर्गातली मुलं, शिक्षक, इंटर्नशिपचे सुपरवायझर, क्लासमधले सोबती. बडे लोक, कंपन्यांचे मालक, नामवंत लेखक यांना कनेक्शनची विनंती पाठवण्यात अर्थ नाही; त्यांना फॉलो करावं. फॉलोला परवानगी लागत नाही आणि त्यांचं लिखाण दिसत राहतं. ओळखपाळख नसलेल्यांना सरसकट विनंत्या धाडत सुटलात आणि बऱ्याच जणांनी 'मी यांना ओळखत नाही' म्हटलं, तर लिंक्डइन विनंत्या पाठवणंच काही काळ बंद करतं.

पुढची पायरी म्हणजे कॉलेजचं पान, आणि माझ्या मते सगळ्या लिंक्डइनमध्ये नवख्याच्या कामाची याहून चांगली जागा नाही. समजा तुम्ही सांगलीच्या वालचंद कॉलेजचे. कॉलेजचं पान उघडा आणि माजी विद्यार्थ्यांचा विभाग बघा. तिथे हजारो माणसं आहेत, आणि ती कुठल्या शहरात राहतात, कुठल्या कंपनीत आहेत, कुठलं काम करतात, काय शिकली, यानुसार चाळता येतात. पुणे निवडा, मग क्वालिटी निवडा. हजारांची यादी आटोक्यात येते. त्यातले दहा-वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेले आता मोठ्या पदांवर असतील, त्यांना सोडा. तीन ते सात वर्षं पुढे असलेले बघा. त्यांना आपली पहिली नोकरी शोधतानाची वणवण अजून आठवते, भरती कशी चालते हे ताजं ठाऊक असतं, आणि बिचाऱ्यांना सल्ला विचारायला फारसं कुणी येत नसल्यामुळे ते उत्तरही देतात. पाच नावं निवडा. पाचच. त्यांची प्रोफाइल नीट वाचा, आधी कुठे होते, कुठून कुठे गेले.

मग निरोप. मोफत खात्याला महिन्याला मोजक्याच विनंत्यांसोबत चिठ्ठी जोडता येते आणि तीही साधारण दोनशे अक्षरांची. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार हे सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे मराठी माणसाला जागा आणखी कमी. कुठलाही एचआरवाला दाखवेल, त्याच्या पेटीत 'हाय सर, प्लीज जॉब असेल तर सांगा, रिझ्युमे जोडला आहे' या मजकुराचे ढीग असतात. याला उत्तर काय देणार? देणाऱ्याकडे नोकरी नसते, 'नाही' म्हणायला जीव होत नाही, म्हणून तो गप्प राहतो. त्याऐवजी हे बघा: 'नमस्कार मॅडम. मी वालचंदची, मेकॅनिकल, २०२५. तुम्ही डिझाइनमधून क्वालिटीकडे वळलात असं प्रोफाइलवर दिसलं. मलाही तेच करायचं आहे. त्याबद्दल दोन प्रश्न विचारले तर चालतील का?' हा मजकूर काना-मात्रांसकट दोनशेच्या आत बसतो. यात धागा आहे, त्यांचं प्रोफाइल वाचल्याचा पुरावा आहे, आणि मागणी इतकी लहान आहे की हो म्हणायला काही लागत नाही.

नोकरी न मागता माहिती मागायची, हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. घाई असते, घरी प्रश्न विचारले जात असतात, आणि माहिती मागत बसणं म्हणजे वेळ घालवणं वाटतं. पण नोकरी त्या एका माणसाकडे असण्याची शक्यता फार थोडी. माहिती मात्र नक्की असते: कुठली कंपनी सध्या माणसं घेते, मुलाखतीत काय विचारतात, कुठल्या कोर्सचा उपयोग होतो आणि कुठला नुसता पैसे उकळणारा आहे, ट्रेनी म्हणून घेऊन दोन वर्षं तसंच कोण ठेवतं. हे कुठल्याही जाहिरातीत छापलेलं नसतं.

'म्हणजे वशिलाच की,' असं काहींच्या मनात येतं. वशिल्यात पात्रता नसलेल्याला आत घुसवलं जातं. इथे तुम्ही फक्त दार कुठे आहे ते विचारताय. पुढे खरंच एखादी जागा निघाली आणि त्या मॅडमनी तुमचं नाव कंपनीत दिलं, तर त्याला रेफरल म्हणतात, आणि ते अनेक कंपन्यांना स्वतःलाच हवं असतं. आपल्या माणसाने सुचवलेला उमेदवार निवडला गेला तर सुचवणाऱ्याला बक्षिसाची रक्कम देणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत. चाळणी आणि मुलाखत मग नेहमीसारखीच होते. मात्र रेफरल पहिल्या निरोपात मागू नये. जो तुम्हाला ओळखतच नाही तो तुमची हमी कशाच्या जोरावर घेणार?

पोस्ट लिहाव्यात का? सुरुवातीला नाही लिहिल्या तरी काही बिघडत नाही. त्यापेक्षा कॉमेंट कामाची. आपल्या क्षेत्रातल्या माणसाने कामाचं काही लिहिलं असेल, समजा एखाद्या पार्टची वॉरंटी तक्रार कशी शोधून काढली, तर त्याखाली 'ग्रेट पोस्ट सर' लिहिण्याऐवजी एक खरा प्रश्न विचारा किंवा तुम्ही पाहिलेलं काही जोडा. त्याची माणसं ती कॉमेंट वाचतात, आणि नंतर विनंती पाठवलीत तर नाव अनोळखी राहत नाही. 'अभिनंदन' म्हणायची तयार बटणं असतात ती दाबून काहीच पदरात पडत नाही.

आधीच नोकरीत असलेल्यांनी एक काळजी घ्यावी. 'मी काम शोधतोय' अशी खूण दोन तऱ्हांनी लावता येते. फोटोभोवती हिरवी चौकट येते ती सगळ्यांना दिसते, तुमच्या साहेबांनाही. दुसरीत फक्त भरती करणाऱ्यांना दिसते. स्वतःच्या कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ती लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पक्की हमी देत नाही. प्रोफाइलमध्ये एकदम दहा बदल करण्याआधी, हे बदल लोकांना कळवायचे की नाही ते बटणही बघून घ्या. आणि कुणाचं प्रोफाइल तुम्ही उघडलं तर त्याला ते कळू शकतं, हे ध्यानात ठेवा. नको असेल तर सेटिंगमध्ये खासगी पद्धतीने बघता येतं.

मुलींना इथे वेगळाच ताप होतो. कामाच्या जागेला लग्न जुळवायची जागा समजणारे महाभाग तिथेही आहेत. विनंती नाकारली तर समोरच्याला निरोप जात नाही, तेव्हा भिडेखातर स्वीकारायची गरज नाही. विनंती कुणी पाठवायची यावर मर्यादा घालता येते, माणसाला ब्लॉक करता येतं आणि तक्रारही करता येते. फोन नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता प्रोफाइलवर कुणीच टाकू नये, मुलग्यांनीही.

आता फसवणूक, कारण नोकरी शोधणाऱ्या माणसाइतकं सोपं सावज दुसरं नाही. लिंक्डइनवर अनोळखी 'एचआर' येतो, दोन वाक्यांत तुमचं प्रोफाइल निवडलं गेल्याचं सांगतो, आणि लगेच बोलणं व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर नेतो. तिथे नोंदणी शुल्क, ट्रेनिंगचे पैसे, लॅपटॉपचं डिपॉझिट, कागदपत्रांची फी, यातलं काहीतरी मागितलं जातं. किंवा मग टास्क: व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, पहिल्या दिवशी शेदोनशे खरोखर खात्यात येतात, आणि मग मोठ्या टास्कसाठी तुम्हालाच पैसे भरायला लावतात. नोकरी देणारा पैसे मागत नाही. मागितले की बोलणं तिथेच थांबवायचं. प्रोफाइलवर पडताळणीची खूण असली तरी तिचा अर्थ माणसाची ओळख किंवा कामाची जागा यातलं काहीतरी तपासलंय एवढाच. त्याने सांगितलेली नोकरी खरी आहे असा नव्हे. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर ती जागा आहे का आणि मेल कंपनीच्या पत्त्यावरून आलाय का, हे बघायला दहा मिनिटं लागतात.

परदेशातल्या नोकरीत तर जास्तच सावध. थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून सोशल मीडियावरून मुलं उचलायची आणि सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपायची, हा धंदा इतका वाढला की भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये त्याबद्दल इशारा काढला. एजंट नोंदणीकृत आहे का, हे मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, कारण पहिल्या काही तासांत खातं गोठवून रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

परत त्या पाच निरोपांकडे. पाचातल्या दोघांनी उत्तर दिलं तरी खूप झालं. बाकीचे उद्धट असतात असं नाही. कितीतरी लोक लिंक्डइन महिन्यातून एकदा उघडतात. आठ-दहा दिवसांनी एक आठवण द्या, तीही एका ओळीची, आणि मग सोडून द्या. तिसरा निरोप म्हणजे तगादा.

ज्यांनी हो म्हटलं त्यांच्याशी पंधरा मिनिटं फोनवर बोलायला मिळालं तर प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवा. 'मार्गदर्शन करा' हा प्रश्न नव्हे. त्यावर कुणीही मेहनत करा एवढंच सांगणार. 'तुमच्या कामाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग कुठला?' विचारा, खरी माहिती बाहेर येते. 'डिप्लोमावाल्याला आणि डिग्रीवाल्याला तुमच्याकडे काम वेगळं असतं का?' 'मी हा कोर्स करतेय, त्याची दखल घेतली जाते का?' 'माझी हेडलाइन वाचून तुम्हाला काय वाटलं?' पगार विचारायचा असेल तर त्यांचा विचारू नका. नव्या माणसाला या कामात साधारण काय मिळतं असं विचारा. ठरलेली वेळ झाली की आपणहून थांबा. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील.

फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न राहू देऊ नका: 'या विषयावर मी आणखी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?' त्या मॅडमचं वर्तुळ तुमच्या वर्तुळापासून लांब आहे, म्हणून तर तुम्ही त्यांना गाठलंत. त्या जे नाव सांगतील ते त्याहूनही लांबचं असेल आणि तरी मधे एक खरं माणूस असेल. तुमचं नाव सांगून त्यांना लिहिलं तर चालेल का, हेही तेव्हाच विचारून घ्या. त्याच संध्याकाळी दोन ओळींचे आभार पाठवा, आणि त्यांनी सुचवलेलं काही करून पाहिलंत की महिन्याभराने त्याचं काय झालं ते कळवा. नव्या माणसाला लिहिताना पहिली ओळ मग सोपी असते: 'नमस्कार सर, वालचंदच्या आमच्या एका सीनियर मॅडमनी तुमचं नाव सुचवलं.'